रिॲक्टर कसा तापवायचा? हीटर निवडण्याआधी प्रश्न निवडा

बायोमासवर संशोधन सुरू करणाऱ्या विद्यार्थ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो. "पायरोलिसिससाठी साधी ट्यूब फर्नेस चालेल, की मायक्रोवेव्ह घ्यावा? इंडक्शन हीटिंग कसं आहे? हल्ली पेपरमध्ये खूप दिसतं." प्रश्न चुकीचा नाही, पण तो विचारायची वेळ थोडी आधी आलेली असते. तुम्हाला बायोमासबद्दल नेमकं काय शोधायचं आहे, हे ठरल्याशिवाय कुठला हीटर चांगला ते सांगता येत नाही.

आजच्या लेखात प्रयोगशाळेत रिॲक्टर तापवण्याच्या मुख्य पद्धतींची तुलना करू. त्याआधी एक गोष्ट पक्की डोक्यात बसवून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. कंट्रोलरवर दिसणारा आकडा म्हणजे बायोमासचं तापमान नव्हे. त्या दोन्हींत किती अंतर पडणार, हे बऱ्याच अंशी तापवण्याची पद्धत ठरवते. (या लेखातली सगळी तापमानं सेल्सिअसमध्ये आहेत.)

आठ प्रयोगशाळा, एकच सेल्युलोज

१९९९ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ग्रोनली, अंताल आणि वारहेगी हे त्याचे लेखक. युरोपातल्या आठ प्रयोगशाळांनी एकाच प्रकारचं शुद्ध सेल्युलोज घेतलं आणि आपापल्या टीजीएमध्ये, म्हणजे तापवता तापवता वजन मोजणाऱ्या यंत्रात, त्याचं विघटन मोजलं. नमुना तोच, तापवण्याचा वेगही ठरवून दिलेला. तरीसुद्धा विघटनाचा एकच टप्पा वेगवेगळ्या प्रयोगशाळांत वेगवेगळ्या तापमानाला दिसला, आणि ही तफावत सुमारे १७ अंशांची होती. मुख्य कारण होतं तापमान मोजण्यातला फरक.

लक्षात घ्या, टीजीएमध्ये नमुना असतो जेमतेम काही मिलिग्रॅम. तिथे ही अवस्था, तर ५० मिलिमीटर व्यासाच्या नळीत ठासून भरलेल्या बगॅसमध्ये काय होत असेल? अंदाज बांधत बसण्यापेक्षा सरळ हिशेबच करू.

उष्णतेचा प्रवास

हीटरमधून निघालेली उष्णता बायोमासच्या गाभ्यापर्यंत तीन टप्प्यांत पोचते. हीटरपासून रिॲक्टरच्या भिंतीपर्यंत, भिंतीपासून कणाच्या पृष्ठभागापर्यंत, आणि पृष्ठभागापासून कणाच्या आतपर्यंत. यातला जो टप्पा सगळ्यात संथ, तोच पूर्ण प्रयोगाचा वेग ठरवतो. बायोमासच्या बाबतीत पहिला टप्पा सहसा अडत नाही, अडतात ते पुढचे दोन. लाकूड, पेंढा, चिपाडं हे सगळे उष्णतेचे वाईट वाहक आहेत. सैल भरलेला बगॅस तर जवळजवळ इन्सुलेशनच, कारण त्यात निम्म्याहून जास्त जागा हवेची असते.

समजा, २५ मिलिमीटर त्रिज्येची नळी आहे. तिच्यात सैल बगॅस भरलाय आणि भिंत मिनिटाला १० अंश या वेगाने तापते आहे. थरातून उष्णता किती भराभर पसरते ते सांगणाऱ्या गुणधर्माला थर्मल डिफ्युझिव्हिटी म्हणतात. ती काढण्यासाठी मी थराची उष्णतावाहकता ०.०७ वॅट प्रति मीटर-केल्विन, घनता १०० किलो प्रति घनमीटर आणि विशिष्ट उष्मा १.५ किलोज्यूल प्रति किलो-केल्विन धरतोय. तुमच्या नमुन्याचे आकडे वेगळे असतील, ते घालून हाच हिशेब करा. सूत्र सोपं आहे:

भिंत आणि मध्य यांतली तफावत = तापवण्याचा वेग × त्रिज्येचा वर्ग ÷ (४ × थर्मल डिफ्युझिव्हिटी)

उत्तर येतं सुमारे ५५ अंश. म्हणजे भिंत ३५० अंशांवर असताना मधला बगॅस अजून ३०० च्या आसपास रेंगाळतोय. आता बायोमासच्या घटकांकडे बघा. हेमिसेल्युलोज साधारण २२० ते ३१५ अंशांत तुटतं आणि सेल्युलोज ३१५ ते ४०० मध्ये. त्यामुळे एकाच क्षणी भिंतीजवळ सेल्युलोज तुटत असतं आणि मध्यभागी अजून हेमिसेल्युलोजच चालू असतं. तुम्ही मात्र वहीत एकच तापमान लिहिता!

सूत्रात त्रिज्येचा वर्ग आहे, याकडे नीट लक्ष द्या. नळीचा व्यास निम्मा केला की तफावत एक चतुर्थांश होते, ५५ वरून १४ अंशांवर येते. लाखभर रुपयांचा नवा हीटर घेण्यापेक्षा कधी कधी अरुंद नळी घेणं जास्त कामाचं ठरतं ते यामुळेच.

हा हिशेब सरळसोट आहे. यात ओलावा नाही, बाहेर पडणारी वाफ नाही, अभिक्रियेची उष्णता नाही. प्रत्यक्षात लाकडाच्या जाड तुकड्यात मधलं तापमान आधी मागे राहतं आणि नंतर उष्मादायी अभिक्रिया सुरू झाल्या की बाहेरच्या तापमानाच्याही वर जाऊ शकतं. म्हणून थर्मोकपल फक्त भिंतीला लावून चालत नाही. एक तरी थराच्या मध्यभागी हवाच.

आता एकेक पद्धत घेऊ.

१. ट्यूब फर्नेस: सगळ्यांची ओळखीची

बहुतेक विभागांत ही असतेच. नायक्रोम किंवा कँथलची तार, भोवती सिरॅमिक फायबर, मध्ये क्वार्ट्झ किंवा स्टीलची नळी. कँथलच्या तारेवर फर्नेस १२०० अंशांपर्यंत सहज जाते. बायोमासला एवढं लागतही नाही. पायरोलिसिस ४०० ते ७०० मध्ये उरकतं, गॅसिफिकेशनला ८०० ते ९०० पुरतात.

हिचा मोठा गुण म्हणजे संथ आणि स्थिर तापमान. मिनिटाला ५ ते २० अंश, मग तासभर एकाच तापमानाला. बायोचार बनवायचा असेल तर यापेक्षा वेगळं काही शोधायची गरज नाही. मर्यादा अशी की फर्नेस मुख्यतः रिॲक्टरलाच तापवते. २ किलो वजनाची स्टीलची नळी २५ वरून ५०० अंशांवर न्यायला सुमारे ४७५ किलोज्यूल लागतात. तिच्या आतल्या २० ग्रॅम बायोमासला तेवढंच तापून विघटित व्हायला, किलोला दीड मेगाज्यूल धरले तर, फक्त ३० किलोज्यूल. म्हणजे खर्च होणाऱ्या उष्णतेतली जेमतेम सोळावा हिस्सा बायोमासची. म्हणून ट्यूब फर्नेसवरचा वीज मीटर बघून "या प्रक्रियेला किलोमागे इतकी ऊर्जा लागते" असं कधीही लिहू नका. तो आकडा तुमच्या नळीचा असतो, प्रक्रियेचा नसतो.

दुसरी अडचण आहे थंड होण्याची. हीटर बंद केला तरी जाड स्टील आणि इन्सुलेशन तासन्‌तास गरम राहतात. "५०० अंशांवर ३० मिनिटं" असं लिहिलेला बायोचार ४०० च्या वर प्रत्यक्षात दीड तासही राहिलेला असू शकतो.

२. ऑटोक्लेव्ह आणि बँड हीटर: मोठा कुकर

ओल्या बायोमाससाठी हायड्रोथर्मल पद्धती वापरतात. १८० ते २५० अंशांत हायड्रोचार मिळतो, २५० ते ३७० मध्ये तेलकट बायोक्रूड. इथे बंद भांडं, पाणी आणि दाब असा मामला. भांड्याभोवती सिरॅमिक बँड हीटर किंवा हीटिंग मँटल, आत ढवळणी. पाणी असल्यामुळे आतलं तापमान बऱ्यापैकी एकसारखं राहतं, ही जमेची बाजू. पण भांडं जड, त्यामुळे तापायला अर्धा-पाऊण तास आणि थंड व्हायला त्याहून जास्त.

या रेंगाळण्याची किंमत किती? ते मोजायला एक छान साधन आहे. १९८७ साली ओव्हरेंड आणि चोर्नेट यांनी 'सिव्हिरिटी फॅक्टर' मांडला. कल्पना अशी की वेळ आणि तापमान एकाच आकड्यात बसवायचे. त्यात तापमानाचा परिणाम घातांकी धरलाय, आणि त्यातला स्थिरांक आहे १४.७५ अंश. म्हणजे व्यवहारात, तापमान १० अंशांनी वाढलं की परिणाम जवळपास दुप्पट.

या सूत्राचं इंटिग्रेशन केलं की तापवण्याच्या काळासाठी एक सोपा नियम हाती येतो. १४.७५ ला तापवण्याच्या वेगाने भागा. जे उत्तर येईल, तेवढी मिनिटं तुम्ही लक्ष्य तापमानाला जादा घालवली असं समजा.

उदाहरण घेऊ. दोन प्रयोगशाळा. दोघींनी लिहिलंय: "२०० अंश, १० मिनिटं."

पहिलीचा ऑटोक्लेव्ह मिनिटाला ३ अंशांनी तापतो आणि १.५ अंशांनी थंड होतो. तापताना जमा झाली १४.७५ ÷ ३, म्हणजे ४.९ मिनिटं. थंड होताना १४.७५ ÷ १.५, म्हणजे ९.८ मिनिटं. एकूण परिणामकारक वेळ १० नव्हे, २४.७ मिनिटं.

दुसरीने छोटी नळी गरम वाळूत बुडवली, मिनिटाला ५० अंशांनी तापवली आणि शेवटी बर्फाच्या पाण्यात टाकली. तिची जादा वेळ अर्ध्या मिनिटाहून कमी. एकूण साधारण १०.४ मिनिटं.

कागदावर दोन्ही प्रयोग सारखे, प्रत्यक्षात परिणाम जवळपास २.४ पट वेगळा. तापमानाच्या भाषेत बोलायचं तर पहिलीने १३ अंश जास्त वापरल्यासारखं झालं. उद्या तुमचा हायड्रोचार दुसऱ्याच्या पेपरशी जुळला नाही, तर लगेच "आमचा बायोमास वेगळा आहे" असं म्हणू नका. आधी त्यांचा तापण्या-निवण्याचा आलेख शोधा. बहुतेक वेळा तो दिलेलाच नसतो, ती गोष्ट वेगळी.

आपल्याकडे खूप वापरला जाणारा प्रकार म्हणजे टेफ्लॉनचं अस्तर असलेला छोटा स्टील ऑटोक्लेव्ह. तो थेट ओव्हनमध्ये ठेवतात. स्वस्त आणि सोयीचा आहे, पण उष्णतेच्या वाटेत ओव्हनमधली हवा, जाड स्टील आणि वर टेफ्लॉन, असे तीन अडथळे. ओव्हन २०० दाखवायला लागला तरी आतलं पाणी तिथे पोचायला बराच वेळ जातो, आणि आत थर्मोकपल नसल्यामुळे नेमका किती ते कळतही नाही. एक तासाच्या आतले प्रयोग अशा भांड्यात करून त्यावर कायनेटिक्स काढणं म्हणजे अंधारात बाण मारणं. ६ ते १२ तासांच्या प्रयोगांना मात्र ते ठीक चालतं, कारण तेवढ्या वेळापुढे सुरुवातीचा उशीर किरकोळ ठरतो.

दाबाच्या भांड्यात एक फुकटचा थर्मामीटर मिळतो, तो वापरा. संपृक्त वाफेचा निरपेक्ष दाब तापमानावरून ठरलेला असतो: १८० अंशांना सुमारे १० बार, २०० ला १५.५, २५० ला ४० आणि ३०० ला ८६. आतली हवा आणि तयार होणारा वायू यांमुळे दाब यापेक्षा थोडा जास्त दिसणं स्वाभाविक आहे. कमी दिसला, तर पाणी त्या तापमानाला पोचलेलंच नाही, किंवा भांडं गळतंय, किंवा गेज बिघडलाय. गेज वातावरणाच्या वरचा दाब दाखवतो, हेही विसरू नका.

आणि सुरक्षिततेचं एक वाक्य: पाणी ३०० अंशांना मूळ आकाराच्या सुमारे १.४ पट फुगतं. भांडं तीन चतुर्थांशाच्या वर भरलं, तर फुगायला जागाच उरत नाही आणि दाब क्षणात आवाक्याबाहेर जातो. उत्पादकाने दिलेली भरण्याची मर्यादा पाळा, आणि रप्चर डिस्कशिवाय काम करू नका.

३. तेल, वितळलेलं मीठ आणि वाळू: भडभुंज्याची पद्धत

भडभुंजा फुटाणे गरम वाळूत का भाजतो? कोरड्या कढईत दाण्याचा फक्त एक बिंदू तळाला टेकतो. वाळूत मात्र दाणा चहूबाजूंनी गरम कणांनी वेढला जातो. उष्णता भराभर पोचते आणि सगळीकडून सारखी पोचते. बाथ हीटिंगमागचं तत्त्व हेच.

सिलिकॉन तेलाचा बाथ २०० ते २५० अंशांपर्यंत चांगला. तापमान अतिशय स्थिर, काच आणि जॅकेट असलेल्या रिॲक्टरला सोयीचा. त्यापुढे तेल खराब होतं, धूर येतो. वितळलेल्या नायट्रेट क्षारांचा बाथ ५०० च्या पुढेही जातो आणि उष्णता झपाट्याने देतो. पण नायट्रेट हे तीव्र ऑक्सिडायझर आहे. बायोमासने भरलेली नळी त्यात गळली तर स्फोट होऊ शकतो. अनुभवी माणूस शेजारी उभा नसेल, तर हा पर्याय सोडून द्या.

राहिली वाळू. ॲल्युमिनाच्या बारीक कणांखालून हवा सोडली की ते उकळत्या पाण्यासारखे हलायला लागतात. अशा फ्लुइडाइज्ड सँड बाथमध्ये १० ते २० मिलिलिटरच्या स्टील नळ्या बुडवतात. दोनेक मिनिटांत तापतात, पाण्यात टाकल्या की तितक्याच लवकर थंड. हायड्रोथर्मल कायनेटिक्ससाठी ही पद्धत उत्तम. तोटा असा की नमुना छोटा, ढवळणी नाही आणि दाब मोजणं अवघड.

४. फ्लुइडाइज्ड बेड: जेव्हा तेल हवं असतं

वरच्या प्रकारात वाळू नळीच्या बाहेर होती. इथे बायोमास थेट गरम वाळूत पडतो. बायोऑइल जास्तीत जास्त मिळवायचं असेल तर तीन अटी आहेत: सुमारे ५०० अंश तापमान, २-३ मिलिमीटरपेक्षा लहान कण, आणि वाफ २ सेकंदांच्या आत गरम भागातून बाहेर काढून थंड करणं. हे जमलं तर लाकडापासून वजनाच्या ७५ टक्क्यांपर्यंत द्रव मिळू शकतो. ट्यूब फर्नेसमध्ये संथ तापवलं तर हा आकडा गाठता येत नाही, कारण वाफ रेंगाळते, पुन्हा तुटते, बायोचारवर चिकटते.

किंमत मोजावी लागते ती कष्टांत. वाळूचा आकार, नायट्रोजनचा प्रवाह, सायक्लोन, कंडेन्सर आणि सगळ्यात छळणारा फीडर. बगॅस तंतुमय असल्यामुळे हॉपरमध्ये कमान करून बसतो आणि स्क्रूपर्यंत उतरतच नाही. पीएचडीची चार-साडेचार वर्षं हातात असतील तर यातलं पहिलं वर्ष फीडरच्या नावाने धरून चला.

५. वायर मेश आणि पायरोप्रोब: सेकंदाचा खेळ

काही मिलिग्रॅम बायोमास धातूच्या दोन जाळ्यांमध्ये किंवा प्लॅटिनमच्या तारेजवळ ठेवायचा आणि धातूतूनच वीज सोडायची. जाळी सेकंदाला १००० अंशांच्या वेगाने तापू शकते. वाफ लगेच बाहेर पडून थंड भागात जाते, म्हणून विघटनाची अगदी पहिली उत्पादनं कोणती ते इथे दिसतं. यंत्रणा अभ्यासायला छान. पण एका प्रयोगातून एवढासाच बायोचार मिळतो की त्याचं पृष्ठफळ मोजायचं म्हटलं तरी पुरत नाही. आणि माहितीपत्रकातला वेग तारेचा असतो. तिच्यावर ठेवलेला कण किती वेगाने तापला, हे त्याच्या जाडीवर अवलंबून.

६. इंडक्शन: भिंत जलद, बायोमास तसाच

स्वयंपाकघरातला इंडक्शन स्टोव्ह आठवा. त्यावर फक्त योग्य धातूचं भांडं तापतं, काचेचं नाही. इथेही तेच. कॉइलमधल्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे रिॲक्टरच्या धातूतच प्रवाह निर्माण होतो आणि भिंत थेट तापते. फर्नेसची वीट, हवा, इन्सुलेशन तापवण्यात वेळ जात नाही. सुरू-बंद करणं जलद, नियंत्रण चपळ.

पण आपल्या तीन टप्प्यांकडे परत या. इंडक्शनने सुधारला तो पहिला टप्पा. भिंतीपासून बायोमासच्या मध्यापर्यंतची वाट जशीच्या तशी आहे. उलट भिंत जितकी जलद तापेल तितकी आतली तफावत वाढेल. वेग सूत्रात वरच्या बाजूला आहे ना! म्हणून इंडक्शनचा खरा फायदा अरुंद नळीत मिळतो, किंवा थरातच स्टीलचे छोटे गोळे मिसळून त्यांनाच तापवलं तर. स्टीलच्या जाड नळीत सैल पेंढा भरून इंडक्शन लावलं, तर महागडी ट्यूब फर्नेस तयार होते.

७. मायक्रोवेव्ह: सगळ्यात जास्त गाजलेला, सगळ्यात जास्त फसवणारा

मायक्रोवेव्हची गोष्ट खरंच वेगळी आहे. २.४५ गिगाहर्ट्झच्या लहरी थराच्या आत शिरतात आणि उष्णता आतच तयार होते. भिंतीकडून वाट बघायची गरज नाही. मग अडचण कुठे?

पहिली अडचण: कोरडा बायोमास मायक्रोवेव्ह फारसा शोषत नाही. सुरुवातीला ओलावा शोषतो, नमुना शंभराच्या आसपास जातो, पाणी उडून जातं आणि गाडी अडते. म्हणून सिलिकॉन कार्बाइड, ॲक्टिव्हेटेड कार्बन किंवा आधीचाच बायोचार मिसळतात. आता हा मिसळलेला पदार्थ तापतो आणि तो शेजारच्या बायोमासला तापवतो. म्हणजे "आतून तापणं" हे बरंचसं त्या मिसळीचं श्रेय.

दुसरी: बायोचार तयार व्हायला लागला की तो जोरात शोषायला लागतो. जिथे आधी तयार झाला, तिथेच आणखी तापतो. एका कोपऱ्यात निखारा आणि बाजूला जवळपास कच्चा भुसा, असं चित्र दिसतं. फ्रीजमधला भात मायक्रोवेव्हमध्ये गरम करताना कडेला चटका आणि मध्ये गारढोण लागतो, तसंच.

तिसरी आणि सर्वात गंभीर: तापमान मोजायचं कसं? धातूचं थर्मोकपल लहरींच्या क्षेत्रात गडबड करतं. इन्फ्रारेड सेन्सर फक्त पृष्ठभाग बघतो, तोही बहुधा भांड्याचा. फायबर ऑप्टिक सेन्सर चांगले, पण नेहमीच्या वापरातले ३०० अंशांच्या आसपास थकतात. मग "मायक्रोवेव्हमध्ये ४०० अंशांनाच तेवढा बायोचार झाला, जो फर्नेसमध्ये ५५० ला होतो" असं वाचलं की पहिला संशय घ्यायचा तो त्या ४०० वर.

हा वाद रसायनशास्त्रात आधी होऊन गेलाय. मायक्रोवेव्हचा उष्णतेपलीकडे काही खास परिणाम असतो का, यावर वर्षानुवर्षं चर्चा चालली. ऑस्ट्रियातल्या ग्राट्झ इथे काप्पे यांच्या गटाने २००९ मध्ये एक साधी युक्ती केली. काचेऐवजी सिलिकॉन कार्बाइडच्या कुप्या घेतल्या. सिलिकॉन कार्बाइड लहरी स्वतःच शोषून घेतं, आतल्या मिश्रणापर्यंत फारसं काही पोचू देत नाही. म्हणजे यंत्र तेच, तापमानाचा आलेख तोच, फक्त लहरी गायब. तपासलेल्या अभिक्रियांचे निकाल काचेतल्यासारखेच आले. परिणाम तापमानाचा होता, लहरींचा नव्हता. बायोमासवर लिहिताना हा प्रयोग आठवा. तुलना करताना फक्त एक गोष्ट बदलायची, म्हणजे काय करायचं, याचा तो वस्तुपाठ आहे.

ऊर्जेच्या बचतीचे दावेही जपून वाचा. मॅग्नेट्रॉन भिंतीतल्या विजेचं साधारण ५० ते ६५ टक्केच लहरींत रूपांतर करतो. बचत मोजली ती प्लगपाशी की पोकळीत, हे आधी बघा.

मग निवड कशी करायची?

तुमचा प्रश्न एका वाक्यात लिहा आणि खाली शोधा.

- शेतात वापरायला बायोचार, त्याचे गुणधर्म: ट्यूब फर्नेस, अरुंद नळी, मध्यभागी थर्मोकपल.
- विघटनाचं कायनेटिक्स: टीजीए, ५ ते १० मिलिग्रॅम, किमान तीन वेगवेगळे तापवण्याचे वेग. कथील (२३१.९ अंश), जस्त (४१९.५) यांसारख्या धातूंच्या वितळणबिंदूवर, किंवा यंत्राच्या प्रकारानुसार क्युरी बिंदूवर, आधी कॅलिब्रेशन.
- जास्तीत जास्त बायोऑइल: फ्लुइडाइज्ड बेड, आणि भरपूर धीर.
- विघटनाची पहिली उत्पादनं: वायर मेश किंवा पायरोप्रोब.
- हायड्रोथर्मल कायनेटिक्स: सँड बाथमध्ये छोट्या नळ्या.
- हायड्रोथर्मल उत्पादन, ढवळणीसह: बँड हीटरचा ऑटोक्लेव्ह, पण सिव्हिरिटी पूर्ण आलेखावरून काढलेली.
- मायक्रोवेव्ह किंवा इंडक्शन हाच अभ्यासाचा विषय: तेव्हाच ते घ्या, आणि शेजारी साध्या फर्नेसचा प्रयोग तापमानाचा तोच आलेख पाळून करा.

एकाच प्रकल्पात दोन पद्धतींची तुलना करणार असाल, तर "दोन्हीकडे ५०० अंश सेट केलं" एवढं पुरत नाही. थराच्या मध्यावरचं तापमान वेळेनुसार नोंदवा आणि दोन्ही आलेख एकावर एक ठेवा. ते जुळत नसतील, तर तुमच्या निकालातला फरक पद्धतीचा की तापमानाचा, हे परीक्षक विचारणारच. मुलाखतीत किंवा व्हायव्हात हा प्रश्न आला आणि तुमच्याकडे आलेख असला, की अर्धी लढाई तिथेच जिंकली.

कोटेशन मागवण्याआधी दोन दिवसांचं काम

प्रयोगशाळेत आहे तीच फर्नेस घ्या. नळीत आधी कोरडी वाळू भरा, मध्यभागी आणि भिंतीला एकेक थर्मोकपल लावा, मिनिटाला १० अंशांनी ५०० पर्यंत तापवा. दुसऱ्या दिवशी तेच तुमच्या बायोमासवर, नायट्रोजन सोडून. दोन थर्मोकपलमधली तफावत वेळेनुसार काढा. वाळूच्या आलेखात फक्त उष्णतेचा प्रवास दिसेल. बायोमासच्या आलेखात शंभराजवळ ओलावा उडताना एक सपाट भाग आणि पुढे विघटनाच्या खुणा दिसतील. (साधं के-प्रकारचं थर्मोकपल स्वतःच दोनेक अंश इकडेतिकडे दाखवू शकतं, तेवढं सोडून द्या.)

तफावत दहाच्या आत असेल, तर आहे त्या फर्नेसवर निर्धास्त काम सुरू करा. पन्नास असेल, तर आधी नळी अरुंद करा, थर पातळ करा, कण बारीक करा. एवढं करूनही तुमच्या प्रश्नाला लागणारा वेग मिळत नसेल, तर मग नवीन हीटिंगची गरज खरी आहे. प्रस्तावात हाच आलेख जोडा. गाइडला आणि खरेदी समितीला "पेपरमध्ये सगळे वापरतात" यापेक्षा तो जास्त पटतो.

पुढच्या लेखात याच नळीतून जाणाऱ्या नायट्रोजनबद्दल बोलू. तो किती सोडायचा, यावरही बायोऑइलचं बरंच काही ठरतं.